हेही पाहा

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकाचौकात दोर बांधतात, माणसांना धरायला.
दोर सोडून लोक वाचनालयात शिरतात, केस पिंजारलेले,
माझ्या टेबलाशी येतात
आणि हवं ते सोडून भलतंच काहीतरी मागतात.

सव्वीस वर्षं बसतेय इथे. एवढं कळलंय,
की पहिला प्रश्न म्हणजे खडा असतो,
पाणी किती खोल ते बघायला टाकलेला.

शाळेतली पोर 'पेंग्विन' म्हणते.
तिला हवी असतात उद्या सकाळपर्यंत दोन पानं.
वकिलाला पुस्तकाचा फक्त रंग आठवतो: हिरवं.
जाडसर. बहुतेक निळं.
हिमनद्यांवर काम करणारी ती प्राध्यापिका
पुस्तक शेवटून उघडते,
एका तळटीपेचं बोट धरून दुसरीच्या घरी जाते, तिथून तिसरीच्या,
आणि मूळ प्रश्न कुणाच्या ओसरीवर राहिला
हे संध्याकाळी तिलाच सांगता येत नाही.

एलेउतेरिओ नाउएलकिन आला तेव्हा म्हणाला,
"हवामानाचं काही आहे का?"
हवामानाची दोन कपाटं आहेत. मी उठले नाही.
"हवामानाचं म्हणजे नेमकं कशाचं?"
विचारलं, आणि गप्प बसले.
(आमचं सगळ्यात जुनं अवजार हेच. त्याला वीज लागत नाही.)
वाऱ्याचं, म्हणाला.
कधीच्या?
जुन्या.
टोपी हातात गोल गोल फिरवत राहिला.
मग एका दमात: एकोणीसशे एकोणसत्तर, मे, चौदा तारीख, रात्र.

तीन दिवस शोधलं. बंदराच्या वह्या, फिल्मवरची वर्तमानपत्रं,
जुन्या कार्डांचे खण:
वारा. हेही पाहा: वादळ, शिडं, पवनचक्क्या.
शेवटी मिशनच्या शाळेची हवामानवही सापडली,
पाद्र्याच्या बारीक अक्षरातली.
चौदा मेच्या चौकटीत एवढंच:
वेगाची नोंद नाही. मापक मोडला.

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.
"म्हणजे भाऊ प्यायलेला नव्हता," म्हणाला.
टोपी घातली आणि गेला.
'वारा'च्या कार्डावर मी पेन्सिलीने 'भाऊ' लिहिलं,
मग खोडलं. नियमात बसत नाही.

नव्या मुलांना मी शिकवते:
शब्द सुटे करा. त्यांचे चुलतमावस शब्द आठवा.
कोण सांगतंय ते बघा, कधी सांगितलं ते बघा.
पहिल्या उत्तरावर डोकं टेकून झोपू नका.

ऑगस्टमध्ये इव्होच्या छातीच्या फोटोत एक सावली निघाली.

रात्री दोनला, स्वयंपाकघरात, दिवा न लावता
फोनवर एका बोटाने मी लिहिलं:
सावली डावं फुफूस किती दिवस.
पहिलं आलं ते उघडलं. मग त्याच्या खालचं.
तारीख बघितली नाही.
कोण सांगतंय, बघितलं नाही.
बरं लिहिलेलं जिथे दिसलं तेवढंच दोनदा वाचलं,
आणि शब्दांची जागा बदलून
पुन्हा तेच विचारलं, जणू
मागच्या वेळी नीट ऐकू गेलं नसेल.

सोमवार माझ्या सुट्टीचा.
दोर धरत धरत गेले. माझ्याच टेबलाच्या
पलीकडच्या बाजूला पहिल्यांदा उभी राहिले.
इथून टेबल उंच वाटतं, कुणी सांगितलं नव्हतं.
खुर्चीत रायेन होती, जूनमध्ये लागलेली.
तिला तोंडभर हसून म्हटलं,
"श्वासावर काही आहे का गं?"

ती संगणकाकडे वळली नाही.
समोरची खुर्ची पायाने जरा पुढे सरकवली.
"श्वासाचं म्हणजे, बाई, नेमकं कशाचं?"
आणि मी शिकवलं होतं तशी
गप्प बसली.

बाहेर दोर वाजत होते.
माझ्याकडे टोपी नव्हती,
तरी हात काहीतरी गोल गोल फिरवत होते.